ध्रुवावरची जमीन उपग्रहांनी कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी सर्वेक्षणात गेली. निवृत्तीनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांत आणि वाचनालयांत मी या विषयावर बोलायला जातो. बोलून घरी पोचेपर्यंत मोबाइलवर प्रश्न येऊन पडलेले असतात, आणि त्यातले बरेचसे आधी कुणीतरी विचारलेलेच असतात. म्हणून ती उत्तरं एकदा सवडीने लिहून काढली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे क्रमांक दिला आहे.

१. सर, जमीन सरकते म्हणता. किती सरकते? आम्हाला तर काहीच जाणवत नाही.

आपण ज्या भारतीय भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कठीण कवचाच्या एका मोठ्या तुकड्यावर, बसलो आहोत तो वर्षाला सुमारे ५ सेंमी ईशान्येकडे सरकतो. तीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर आज दीड मीटर पुढे गेलेलं आहे. उंबरठ्यापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत असतं ना, साधारण तेवढं. जाणवत नाही, कारण घर, तुळस, विहीर, रस्ता, शेजारी असे सगळे मिळून सरकतात.

सगळे भूपट्ट एकाच वेगाने जात नाहीत. अंटार्क्टिकाचा भूपट्ट संथ, वर्षाला एक-दीड सेंमीच्या आसपास. आर्क्टिक महासागराच्या तळाशी गॅकेल रिज नावाची पर्वतरांग आहे. तिथे युरेशियन आणि उत्तर अमेरिकन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, पण वर्षाला एक सेंमीच्या आगेमागेच. तीच भेग खाली आइसलँडमधून जाते तिथे वेग सुमारे दोन सेंमी आहे.

२. उपग्रह वरून फोटो काढतो आणि त्यावरून कळतं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. फोटोवरून सेंटिमीटर कळत नाहीत. मुख्य काम जीपीएससारख्या उपग्रहांचं असतं, आणि ते काहीच बघत नाहीत. ते सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फक्त आपली वेळ आणि आपली जागा रेडिओलहरींवर सांगत राहतात. हिशेब जमिनीवरचं यंत्र करतं: लहर निघाली कधी, पोचली कधी, मग अंतर किती. चार किंवा जास्त उपग्रहांची अंतरं मिळाली की यंत्राची जागा ठरते.

प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंमी जातो. म्हणजे घड्याळात तेवढी चूक झाली तर अंतरात हातभर चूक. मग मिलिमीटर कुठून आले? ते येतात लहरीच्या लांबीतून. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंमी असते. चांगलं यंत्र त्या लहरीचा शंभरावा भाग ओळखतं, म्हणजे सुमारे २ मिमी. मीटरपट्टी उपग्रहापासून यंत्रापर्यंत ताणलेली आहे आणि तिच्यावर दर १९ सेंमीला एक खूण आहे असं समजा. मधल्या खुणा किती, हे आधी पक्कं करावं लागतं. शेवटच्या खुणेच्या पुढचा तुकडा मात्र फार बारीक वाचता येतो.

याशिवाय लेझरने बर्फाची उंची मोजणारे, गुरुत्वाकर्षण मोजणारे आणि रडारचे उपग्रह आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न ११ आणि १२ मध्ये.

३. माझ्या मोबाइलमध्ये पण जीपीएस आहे. त्यावर दिसेल का हे?

नाही. मोबाइल तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. त्याचा ॲन्टेना नखाएवढा असतो, आणि आजूबाजूच्या भिंतींवरून उडालेल्या लहरीही तो खऱ्या समजतो. रस्ता शोधायला तेवढं पुरतं.

४. मोजायचंच तर आपल्याकडे मोजा की. ध्रुवावर कशाला जायचं?

कारण तिथे जमिनीवर बर्फाचं ओझं आहे आणि ते बदलतं आहे. अंटार्क्टिकावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला आहे, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरपेक्षाही जास्त. एवढ्या वजनाखाली खालचा खडक दबतो. वजन कमी झालं की तो वर येतो. वर येण्याचा वेग मोजला की किती वजन गेलं आणि कुठून गेलं याचा अंदाज बांधता येतो. आडवं सरकणं जगात सगळीकडेच आहे. हे उभं उचलणं ध्रुवांकडे ठळक दिसतं, आणि मला स्वतःला तेच जास्त मोलाचं वाटतं.

खानापूरला कुंभाराकडे मळून ठेवलेल्या मातीच्या गोळ्यावर अंगठा दाबून बघा. अंगठा काढला की खड्डा तसाच राहतो. आता कापसाच्या नव्या गादीवर बसून उठा. थोडा भाग लगेच वर येतो, उरलेला हळूहळू. पृथ्वी गादीसारखी वागते. वरचा कठीण थर लगेच उसळतो. त्याखालचा तापलेला, दाट पाकासारखा थर बाजूला गेलेला असतो, तो परत यायला वेळ घेतो.

शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, स्वीडन-फिनलंडवर आणि कॅनडावर असाच बर्फ होता. तो जाऊन हजारो वर्षं झाली, तरी स्वीडन आणि फिनलंडमधल्या आखाताभोवतीची जमीन आजही वर्षाला सुमारे एक सेंमी वर येते. ज्याच्या नावाने आपण ताप मोजतो त्या सेल्सियसने १७३१ मध्ये तिथल्या किनाऱ्यावरच्या एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरवून घेतली. पाणी खाली जातं आहे असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात खडक वर येत होता. खूण अजून आहे, आणि पाण्यापासून चांगलीच उंच गेली आहे.

५. दगड वजनाने दबतो, उचलतो, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो शाळेत फारसा सांगितला जात नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. १८०२ मध्ये मद्रासला लॅम्बटनने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ती पुढे एव्हरेस्टने उत्तरेकडे नेली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेतलं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं: एकदा साखळीने आणि त्रिकोणांनी, एकदा ताऱ्यांवरून. दोन्हींत कोनाच्या सुमारे ५ सेकंदांचा फरक पडला. जमिनीवर तो दीडशे मीटरच्या आसपास होतो. इतक्या काटेकोर मोजणीत ही चूक खपण्यासारखी नव्हती.

ताऱ्यांचे कोन ओळंब्याच्या रेषेपासून मोजतात, म्हणून संशय गेला ओळंब्यावर. हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढत असेल. कलकत्त्याचे धर्मोपदेशक प्रॅट यांनी हिमालयाची ओढ गणिताने काढली, तर ती दिसलेल्या फरकाच्या तिप्पट आली! एवढा प्रचंड पर्वत, मग त्याची ओढ इतकी कमी कशी? १८५५ मध्ये इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उत्तर दिलं: पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं आहे, पर्वत जणू जड द्रवावर तरंगतो आहे. प्रॅट यांचं स्पष्टीकरण थोडं वेगळं होतं, पण तरंगण्याची कल्पना इथूनच रुजली. ग्रीनलंडची जमीन बर्फ गेल्यावर का उचलते हे आज आपण ज्या विचाराने सांगतो, तो भारतातल्या एका ओळंब्याच्या चुकीतून निघालेला आहे.

६. बर्फ वितळल्यावर जमीन लगेच वर येते, की तुम्ही सांगितल्यासारखी हजारो वर्षांनी?

दोन्ही, आणि एकाच ठिकाणी एकाच वेळी. अवघड भाग तोच आहे. यंत्राला फक्त एकूण उचल दिसते. त्यातली किती कालच्या वितळण्याची आणि किती वीस हजार वर्षांपूर्वीची, हे वेगळं काढावं लागतं.

लगेच येणाऱ्या उचलीचं उदाहरण अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचं पामर ठाणं. २००२ च्या आधी तिथली जमीन जवळजवळ जागच्या जागी होती. त्या वर्षी लार्सन-बी नावाचा तरंगता हिमफलक काही आठवड्यांत फुटला, आणि त्यानंतर पामरची जमीन वर्षाला सुमारे ९ मिमीने उचलू लागली.

मध्यम वेगाचं, आणि सगळ्यांना धक्का देणारं उदाहरण पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राजवळ सापडलं. तिथल्या एका केंद्रावर जमीन वर्षाला तब्बल ४१ मिमी वर येते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. निव्वळ आजच्या वितळण्याने एवढं होत नाही. तिथला खालचा थर इतर ठिकाणांपेक्षा बराच पातळ पाकासारखा असला पाहिजे. त्यामुळे परत यायला हजारो वर्षं लागत नाहीत, काही दशकं पुरतात.

७. तरंगता बर्फ फुटला तर ओझं कमी कसं होईल? तो तर पाण्यावरच होता ना?

खानापूरच्या एका नववीतल्या मुलीने हा प्रश्न विचारला आणि मला फार आनंद झाला, कारण मोठ्या माणसांना हे सुचत नाही. तिचं बरोबर आहे. तरंगणाऱ्या बर्फाचं वजन पाण्याने आधीच पेललेलं असतं, तो फुटून खालच्या खडकाचं ओझं बदलत नाही. पण तो फलक मागच्या जमिनीवरच्या हिमनद्यांना बांधासारखा अडवून होता. बांध फुटला, हिमनद्या वेगाने समुद्रात उतरू लागल्या, त्यांचा मागचा बर्फ पातळ झाला. खडकावरचं वजन उतरलं ते इथे.

८. यंत्र सरळ बर्फात रोवलं तर काय बिघडतं?

बर्फ स्वतः वाहतो. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो. तिथला ध्रुवाचा खांब म्हणून दर १ जानेवारीला नव्या जागी रोवावा लागतो. भूपट्टाचा एक सेंमी त्या दहा मीटरमध्ये शोधणार कसा? हिमनदीचा वेग मोजायचा असेल तेव्हा मात्र यंत्र मुद्दाम बर्फातच रोवतात.

खडकाचं सरकणं हवं असेल तर यंत्र खडकावरच पाहिजे, आणि अंटार्क्टिकात उघडा खडक एक टक्क्यापेक्षाही कमी आहे. बर्फातून डोकं वर काढलेल्या डोंगरशेंड्यांवर विमानाने, हेलिकॉप्टरने जाऊन यंत्रं बसवावी लागतात. पोलनेट नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात २००७-०८ च्या ध्रुवीय वर्षापासून अशी कितीतरी केंद्रं दोन्ही ध्रुवांकडे उभी राहिली.

पाया कसा निवडायचा हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. चिकोडी-अथणीकडची काळी रानं आठवा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच माती फुगून वर. त्या मातीत रोवलेला दगड वर्षभर खाली-वर होत राहतो आणि भूपट्टाशी त्याचा काही संबंध नसतो. आम्ही खूण बसवण्याआधी खडकावर हातोडी मारून बघायचो. ठण्ण वाजला तर खडक मूळचा, बद्द वाजला तर सुटलेला तुकडा. ध्रुवावरही मूळ खडकात भोक पाडून त्यात पोलादी सळई बसवतात आणि तिच्यावर ॲन्टेना. ठण्ण आणि बद्द यातला फरक तिथेही हाताने आणि कानानेच ओळखावा लागतो.

९. तिकडे सहा-सहा महिने रात्र. सोलर चालतं कसं?

उन्हाळ्यात सौर पॅनेल बॅटऱ्या भरतं. हिवाळ्यात बॅटऱ्यांचा मोठा साठा आणि छोट्या पवनचक्क्या यांवर भागवायचं. वारा इतका असतो की पवनचक्कीच मोडून पडू शकते. आकडे इरिडियम उपग्रहांमार्फत रोज पाठवले जातात. काही केंद्रं वीज संपून मध्येच झोपतात आणि सूर्य उगवला की पुन्हा जागी होतात. मग त्या काळातली नोंद कोरी राहते.

१०. ध्रुवावर जीपीएस बरोबर चालत नाही असं वाचलं. खरं का?

चालतं, पण एक उणीव आहे. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, म्हणून ते ध्रुवाच्या बरोबर माथ्यावर कधी येतच नाहीत. नेमक्या ध्रुवावर उभं राहिलं तर उपग्रह क्षितिजापासून जास्तीत जास्त ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उतरतो. सगळे बाजूने दिसतात, डोक्यावर कोणी नाही. आडवी जागा त्याने छान मिळते, उंचीची पकड मात्र ढिली पडते. रशियाच्या ग्लोनासची कक्षा सुमारे ६५ अंशांची असल्याने तिचे उपग्रह जास्त वर येतात, म्हणून तिथे दोन्ही एकत्र वापरतात.

दुसरी अडचण वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची. ध्रुवीय प्रकाश नाचतो तेव्हा तिथून येणारी लहर थरथरते. तो थर वेगवेगळ्या लहरींना वेगवेगळा उशीर करतो, म्हणून दोन लहरी एकदम ऐकून त्याचा बराचसा परिणाम काढून टाकता येतो. याच्या उलट कोरडी हवा तिथे फायद्याची ठरते. आपल्या जुलैतल्या जांबोटीच्या हवेत जेवढं बाष्प, तेवढा लहरीला उशीर.

११. लेझरने आणि गुरुत्वाकर्षणाने बर्फ मोजतात ना? मग जमिनीवर यंत्रं कशाला हवीत?

या प्रश्नाला लांब उत्तर देतो, कारण सगळ्या विषयाचा जीव इथे आहे.

आइससॅट-२ हा उपग्रह २०१८ पासून सेकंदाला दहा हजार वेळा हिरवा लेझर खाली सोडतो आणि बर्फाच्या पृष्ठभागाची उंची काढतो. त्याला बर्फाचा माथा दिसतो, तळ दिसत नाही. समजा बर्फ तेवढाच राहिला आणि खालचा खडक १ मिमी उचलला. उपग्रहाला वाटेल, बर्फ १ मिमी वाढला. अंटार्क्टिकाचं क्षेत्रफळ सुमारे १.४ कोटी चौ. किमी. सगळीकडे १ मिमी चुकलो तर नसलेला १४ घन किमी बर्फ हिशेबात घुसतो.

ग्रेसची गोष्ट याहून नाजूक. २००२ मध्ये सोडलेले हे जुळे उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किमी अंतर ठेवून एकाच मार्गाने फिरत. पुढच्याच्या खाली जास्त वस्तुमान आलं की तो ओढला जाऊन पुढे सटकतो, दोघांतलं अंतर किंचित वाढतं. ते अंतर केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून बारीक मोजलं जाई. ते २०१७ मध्ये संपले, २०१८ पासून त्यांचे वारसदार काम करतात. त्यांना फक्त वस्तुमान कळतं: बर्फ गेला की कमी, खालून दाट खडक आला की जास्त. तो खडक बर्फाच्या तिपटीहून जड असतो. वरच्याच १ मिमीचा हिशेब खडकाच्या घनतेने केला तर सुमारे ४६ अब्ज टन येतात. एक मिलिमीटर चुकलं तर अंटार्क्टिका वर्षाला ४६ अब्ज टनांनी जास्त किंवा कमी वितळते आहे असं आपण जगाला सांगून बसू.

ही चूक पकडायला खडकावर रोवलेलं, वर्षानुवर्षं जागचं न हललेलं यंत्र लागतं.

१२. नायसर उपग्रहाचा यात काय उपयोग?

इस्रो आणि नासाचा नायसर ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो रडारने जमीन बघतो, ढग आणि रात्र आड येत नाहीत. एकाच जागेवरून बारा दिवसांनी पुन्हा जाताना परत आलेल्या लहरीची पहिल्या वेळेशी तुलना करायची, की जमीन किंवा बर्फ किती हलला ते कळतं. हिमनद्यांचा वेग काढायला हे उत्तम. जीपीएस एका बिंदूवर खोलात जातं, रडार सगळा पसारा दाखवतं, म्हणून दोन्ही लागतात.

१३. सगळंच सरकत असेल तर स्थिर काय? मोजायचं कशाच्या संदर्भाने?

पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रापासून. उपग्रह त्याच केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे ते केंद्र त्यांच्या कक्षांवरून काढता येतं. त्यासाठी १९७६ मध्ये सोडलेला लॅजिओस नावाचा आरसे जडवलेला जड गोळा अजून उपयोगी पडतो. त्याच्यावर लेझर मारून परतीची वेळ मोजतात. शिवाय क्वेसार नावाच्या अतिदूरच्या तेजस्वी ज्योतींकडे रोखलेल्या रेडिओ दुर्बिणी पृथ्वीची दिशा आणि फिरणं पक्कं करतात. या सगळ्यांतून एक जागतिक संदर्भचौकट ठरते, ती काही वर्षांनी सुधारतात. सध्याची चौकट आयटीआरएफ २०२०.

या चौकटीत प्रत्येक जागेचा आकडा तारखेसह लिहितात. अमुक ठिकाणी, अमुक दिवशी. तारीख नसली तर आकडा अर्धाच.

१४. मग आमच्या येळ्ळूरच्या शेताचा बांध पण सरकतो का? मोजणीत भानगड होईल का?

बांध सरकतो, शेजाऱ्याचा बांधही तेवढाच सरकतो, त्यामुळे भांडणाला कारण नाही. आजकाल मोजणीदार हातात रोव्हर, म्हणजे फिरतं जीपीएस यंत्र, घेऊन येतात. तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम चालू असणाऱ्या केंद्रांशी, ज्यांना कॉर्स म्हणतात, तुलना करून जागा सांगतो. केंद्र आणि शेत दोन्ही एकाच भूपट्टावर, म्हणून सरकणं आपोआप वजा होतं. गडबड होते ती दहा वर्षांपूर्वीचा जागतिक चौकटीतला आकडा आजच्या आकड्याशी तारीख न बघता जुळवला तर. अर्ध्या मीटरचा फरक येईल आणि चूक कुणाचीच नसेल.

१५. एकदा जाऊन मोजलं की झालं ना? वर्षानुवर्षं कशाला?

एका दिवसाच्या मोजमापात आडवी जागा एक-दोन मिमीपर्यंत ठरते, पण उंची पाच-सहा मिमी इकडेतिकडे होते. त्यात ऋतूंचं खाली-वर होणं मिसळतं: बर्फ पडला की जमीन दबते, उन्हाळ्यात उठते. त्यात चंद्रसूर्याची ओढ. समुद्रासारखी भरती-ओहोटी कठीण जमिनीलाही असते. बेळगावची जमीनही रोज काही सेंटिमीटरांपासून पार फूटभरापर्यंत वर-खाली होते. ती गणिताने वजा करतात. हे सगळं बाजूला सारून वर्षाला एक-दोन मिमीचा खरा कल हाती यायला किमान अडीच वर्षांची सलग नोंद लागते. दहा वर्षांची असेल तर विश्वास वाढतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तिपाईवर ॲन्टेना लावला की जमिनीवरच्या खुणेपासून त्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहायची असते. एका पहाटे थंडीत मी १.४५३ च्या जागी १.५४३ लिहिलं. आकडे शेजारी-शेजारीचे, बदलून गेले. दोन दिवसांची मोजणी सरळ दिसत होती, फक्त डोंगर नऊ सेंमी खचला होता. वरिष्ठांनी वही मागितली, बोट ठेवलं आणि मला त्याच जागी पुन्हा पाठवलं. तेव्हापासून उंची तीन बाजूंनी मोजून मगच सरासरी लिहितो. अंटार्क्टिकात पुन्हा जाणं पुढच्या वर्षीच जमतं. म्हणून कायमच्या केंद्रात तिपाई नसतेच, ॲन्टेना खडकातल्या सळईवर एकदाच पक्का बसतो.

१६. यावरून भूकंप आधी कळेल का? आमच्याकडे किल्लारीची आठवण अजून आहे.

नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपल्या भागातल्या कित्येकांना आजही आठवते, म्हणून अर्धवट आशा द्यायची नाही. उपग्रहांनी ताण कुठे साठतो आहे हे दिसतं, भूकंपाचा दिवस कळत नाही. किल्लारीसारख्या भूपट्टाच्या आतल्या भागात तर साठण्याचा वेग इतका कमी असतो की तो मोजणंही कठीण.

भूकंपानंतर मात्र हीच यंत्रं बरंच सांगतात. २५ मार्च १९९८ रोजी अंटार्क्टिकाजवळ बॅलेनी बेटांपाशी ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक वर्षं पूर्व अंटार्क्टिकाची जमीन हळूहळू सरकत राहिली. उचल मोजणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नाही तर बर्फाचा परिणाम आणि भूकंपाचा परिणाम यांची सरमिसळ होते. प्रश्न ६ मध्ये सांगितलेली अडचण इथे आणखी एका पदराने वाढते.

१७. ध्रुवच सरकतोय असं बातम्यांत येतं. ते हेच का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. होकायंत्र दाखवतं तो चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे गेला, मधल्या काळात वर्षाला पन्नास-साठ किमीने. त्याचं कारण पृथ्वीच्या गाभ्यातलं वितळलेलं लोखंड. पृथ्वीच्या फिरण्याचा अक्ष जमिनीच्या मानाने काही मीटरच्या परिघात डुलतो, चौदा महिन्यांच्या आसपास एक फेरी. आणि भूपट्टाचं सरकणं ते तिसरं. बातमीत तिन्हींना एकच शब्द वापरतात, म्हणून गोंधळ.

१८. ग्रीनलंडला जमीन उचलली तर कारवारच्या समुद्राला काय?

ग्रीनलंडचा बर्फ समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ती ओढ कमी होते, शिवाय जमीनही उचलते, म्हणून ग्रीनलंडच्या किनाऱ्याला समुद्र उलट खाली जातो. सुटलेलं पाणी दूर जातं. कारवार, गोवा, कोकण हे दूरच्या बाजूला आहेत, इथे सरासरीपेक्षा थोडी जास्तच वाढ होते. तिथला कोळी आणि इथला कोळी एकाच समुद्राबद्दल उलटसुलट सांगतील आणि दोघंही खरं बोलत असतील.

१९. हे उपग्रह नव्हते तेव्हा कुणी प्रयत्न केला होता का?

वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने. खंड सरकतात हे त्याने १९१२ मध्ये मांडलं, आणि पुरावा म्हणून ग्रीनलंडच्या रेखांशाची जुनी-नवी मोजमापं ताडून पाहिली. उत्तर आलं वर्षाला कित्येक मीटर. खरा वेग दोनएक सेंमी. त्या काळच्या चंद्र-ताऱ्यांच्या निरीक्षणांत तेवढी चूक सहज होई. विचार बरोबर, पट्टी फार जाड. नोव्हेंबर १९३० मध्ये, नुकतीच पन्नाशी गाठली असताना, ग्रीनलंडच्या बर्फावर सहकाऱ्यांना रसद पोचवून परतताना तो गेला. आज त्याच बेटाच्या काठाने पन्नासहून जास्त जीपीएस केंद्रं त्याला हवा असलेला आकडा रोज नोंदवतात. हे सांगताना माझा आवाज नेहमी जरा खाली जातो.

२०. भारताचं तिकडे काही आहे का?

आहे, आणि त्याचं मुख्यालय आपल्यापासून चोर्ला घाट उतरला की पुढे, वास्कोला आहे: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती, आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला न्यू-ओलेसुंड इथे २००८ पासून हिमाद्री. मैत्री ठाणं खडकावर आहे. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री बर्फावर होतं, ते बर्फातच गाडलं गेलं. मैत्रीवर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कायमचं जीपीएस केंद्र सुरू केलं.

नातं जुनंही आहे. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. बेंगळूरुचं केंद्र आणि मैत्रीचं केंद्र यांच्यातलं अंतर आजही वाढतं आहे, ते त्याच वेगळं होण्याचं पुढचं पान.

२१. काका, मी मराठी माध्यमात दहावीला आहे. मला हे स्वतः बघता येईल का?

येईल, आणि पैसे लागत नाहीत. अमेरिकेतल्या नेव्हाडा विद्यापीठाची भूमापन प्रयोगशाळा जगभरच्या हजारो केंद्रांचे आलेख सगळ्यांसाठी खुले ठेवते. शाळेच्या संगणकावर बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचं केंद्र उघड. प्रत्येक केंद्राला तीन आलेख असतात: पूर्व, उत्तर, उंची. पूर्व आणि उत्तर या दोन्ही रेषा चढत्या दिसतील. दहा वर्षांत किती चढल्या ते आलेख-कागदावर उतरवून दहाने भाग. दोन्ही वेगांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. पायथागोरस तू शिकलीच आहेस. पाच सेंमीच्या जवळ काहीतरी येईल.

मग न्यू-ओलेसुंडचं केंद्र उघड आणि फक्त उंचीचा आलेख बघ. ठिपके विखुरलेले असतील, घाबरू नकोस, त्यांच्या मधून पट्टी लाव. वर्षाला आठ-दहा मिमी चढ निघेल. नंतर त्याच पट्टीने बेंगळूरुची उंची बघ आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मला फोटो पाठव. कागदाच्या कोपऱ्यात पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्याची तारीख लिहायला विसरू नकोस.